रिकामा पिंजरा आणि 'सोय': एका प्रतिक्रियेला उत्तर

निवाऱ्यात कोणते ससे घ्यायचे हे कसं ठरतं, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: "पिंजरे रिकामे असताना म्हाताऱ्या सशाला नाही म्हणणं ही सेवा नाही, तुमची सोय आहे. गोंडस पिल्लं लगेच दत्तक जातात म्हणून तीच घेता. प्रतीक्षायादीचे निकषही लपवता."

एक गोष्ट आधीच मान्य करते. 'विलगीकरण दोन आठवडे' असं मी लिहिलं, तिथं 'किमान' हा शब्द हवा होता. चूक माझी.

पण 'सोय'? मतभेद मला चालतात, आजवर चालत आलेत. ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत त्याच्या हेतूवरच बोट ठेवायचं, हे मात्र मला लागलं. "रिकामे का ठेवता?" एवढं विचारलं असतंत, तर मी आनंदानं सांगितलं असतं.

आता सांगते. नवा ससा थेट इतरांत सोडता येत नाही. सशांचा रक्तस्रावी ताप बूट, कपडे, गवत यांवरूनही पसरतो, आणि २०१० साली फ्रान्समध्ये प्रथम आढळलेला त्याचा नवा प्रकार लहान पिल्लांनाही सोडत नाही. म्हणून वेगळी खोली आणि त्या खोलीत कायम एक जागा मोकळी. दुसरी जागा आजाऱ्यासाठी. सशानं खाणं सोडलं, लेंड्या थांबल्या, की बारा तासही फार होतात. तेव्हा कोणाला तरी हलवून जागा करायला वेळ नसतो. आणि नराची नसबंदी झाली तरी काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तोवर त्याला माद्यांपासून दूर ठेवावं लागतं. आपण ज्यांना रिकामे म्हणता, ते पिंजरे हे आहेत.

हे मी कुठं वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात मीही कोणालाच नाही म्हणायचे नाही. एकदा एका खोक्यात दोन ससे आले. "दोघंही नर आहेत," आणणारा म्हणाला, आणि मी तपासून न घेता ठेवून घेतले. काही दिवसांनी त्यातला एक 'नर' छातीवरचे केस उपटून कोपऱ्यात घरटं करू लागला. सात पिल्लं झाली. सशिणीचे दिवस जेमतेम एक महिन्याचे, आणि व्याल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. तो नर अजून तिच्याजवळच होता. पुढचं आपणच मोजा. त्या धावपळीत आधीपासून असलेल्या एका म्हाताऱ्या सशाच्या वाढलेल्या दाढा घासून घेणं मी पुढं ढकलत गेले. आज नको, उद्या. त्यानं गवत सोडलं आणि दोन दिवसांत गेला. त्याला मीच घेतलं होतं, मोठ्या मनानं. दहा-दहा वर्षं जगणाऱ्या प्राण्याला हो म्हणताना काय काय कबूल करतो आपण, हे मला त्याच्यामुळे कळलं. त्यानंतर कोणी मला 'सोय' म्हणालं, की माझा आवाज चढतो. चढू द्या.

पिल्लांचं म्हणाल तर तो आरोप नवा नाही, आणि त्यावर मी वेळ घालवणार नाही. यादी तातडीनुसार चालते. ज्याला आज रात्री छप्पर नाही तो आधी. यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि ज्या म्हाताऱ्या सशावरून आपण एवढं लिहिलंत, त्याला मी नाही म्हटलंच नव्हतं. तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं आणि तोवर घरच्यांना त्याचं गवत आणि औषध पोचवलं होतं. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात ते आहे. आपण तिथवर वाचलं नसावं.