नव्वद टक्के झालंय साहेब

जुना फ्लॅट घ्यायचा, ठीकठाक करायचा आणि भाड्याने द्यायचा या धंद्यात पडलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, जगातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य कोणतं, तो डोळे न उघडता सांगेल, "नव्वद टक्के झालंय साहेब." माझा फ्लॅट तर पहिली टाइल उखडली तेव्हापासून नव्वद टक्के झालेला आहे आणि अजूनही त्या आकड्यावरून तसूभर हललेला नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल नावाच्या माणसाचा नियमच आहे म्हणे, 1985 मध्ये छापून आलेला, की पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. तो बोलला सॉफ्टवेअरबद्दल, पण माझी खात्री आहे की तेव्हा त्याच्या घरी रंगकाम चालू असणार.

बँकेला मात्र हे गणित कळत नाही. तिला दर महिन्याला शंभर टक्के हप्ता लागतो, भाडेकरू आलेला असो की नसो.

म्हणून मी माइलस्टोन, म्हणजे कामाचे ठरावीक टप्पे, लावायचे ठरवले. कागदावर लिहिलं, "प्लंबिंग पूर्ण." आता यात वाद घालण्यासारखं काय आहे असं तुम्हाला वाटेल. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला झालं पूर्ण, बघा पाइप आलेत. आले होते खरे, हॉलमध्ये उभे करून ठेवले होते. तेव्हापासून मी डोळ्यांनी बघता येईल आणि हाताने चाचपता येईल असंच लिहितो. भिंतीतले पाइप बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती बघायची, आणि फोटो. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी तुंबवून दोन दिवस तसंच ठेवायचं, खाली ओल आली नाही तरच फरशी. या कामासाठी खालच्या मजल्यावरच्या काकूंसारखा क्वालिटी इन्स्पेक्टर पैसे देऊन मिळणार नाही, त्यांना छतावर न पडलेला डागसुद्धा दिसतो. आणि प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारायचं, यावर तर आमचं रोज भांडण, कारण कॉन्ट्रॅक्टरच्या मते काल ढगाळ होतं म्हणजे तो दिवस धरायचा.

क्रमाचं तर विचारूच नका. रंगारी पुट्टी घासून मोकळा झाला की दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन वायरसाठी भिंतीत झिरी मारायला हजर. दोघांना एकमेकांचे नंबर दिले तर दोघंही यायचे बंद झाले.

खरी गंमत पैशांची. कॉन्ट्रॅक्टरचे स्वतःचे माइलस्टोन ठरलेले असतात: पहिली उचल, दुसरी उचल, आणि घरी काहीतरी अडचण म्हणून तिसरी. पैसे कामाच्या पुढे गेले की माणूस दिसेनासा होतो, हे इतकं नियमाने घडतं की फिजिक्समध्ये शिकवायला हरकत नाही. म्हणून टप्पा तपासला की त्या टप्प्याचे पैसे, आणि शेवटचे पाच ते दहा टक्के हातात राखून ठेवायचे, सगळे नळ, कड्या, बटणं, न लागणारी दारं यांची यादी संपेपर्यंत. "साहेब, तुमचा माझ्यावर विश्वास नाय?" असं तो म्हणाला. मी म्हणालो, नव्वद टक्के आहे.

ही शिस्त अंगात इतकी भिनली की मी स्वतःच्या गुंतवणुकीच्या ध्येयालाही लावायला गेलो. "काही वर्षांत भाड्याच्या उत्पन्नावर जगायचं" हे ध्येय वाचून बायको म्हणाली, यात तपासायचं काय? तिने त्याच्या जागी लिहिलं, अमुक तारखेला रंग संपलेला, तमुक तारखेला भाडेकरूला दाखवायला तयार, आणि नाही झालं तर काय करायचं तेही आजच ठरवा. मला ते जरा खासगी आयुष्यात डोकावल्यासारखं वाटलं.

परवा साइटवर गेलो तर माझाच तक्ता भिंतीला चिकटवलेला, आणि त्यात कॉन्ट्रॅक्टरने लाल पेनाने एक ओळ वाढवलेली: "मालकाने टाइलचा रंग फायनल करणे." समोर तारीख, ती उलटलेली. खाली लेबर बसून राहिल्याचा खर्च, व्यवस्थित बेरीज करून. मी म्हणालो, अहो, घरी चर्चा चालू आहे, दोन शेड राहिल्यात फक्त. तो कागद बघत म्हणाला, "डोळ्यांनी बघता येईल असं सांगा ना साहेब."