चेतक होती की आहे? काकांच्या कमेंटला जरा मोठं उत्तर

काका, जुन्या ब्रँडांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की बजाजच्या चेतक स्कूटरसारख्या बंद पडलेल्या ब्रँडबद्दल लिहिताना सगळा मजकूर भूतकाळातच हवा, मी एका ओळीत "चेतक ही मध्यमवर्गाची गाडी होती" लिहितो आणि लगेच खाली "चेतकला मागे स्टेपनी असते" लिहितो, हा निष्काळजीपणा आहे आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते. तुम्ही इतकी वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत, त्यामुळे नुसतं थँक यू म्हणून सोडून देणं मला पटलं नाही.

आधी माझी चूक. "चेतक आकुर्डीत बनते" हे मी जुन्या चेतकबद्दल लिहिलं होतं, तिथं "बनायची"च पाहिजे. त्यातून इलेक्ट्रिक चेतक २०२२ पासून खरोखर पुण्याजवळच्या आकुर्डीतच बनते, म्हणजे वाचणारा ते वाक्य सरळ नव्या गाडीचं समजणार. ते दुरुस्त केलंय, तुम्ही दाखवलंत म्हणून लक्षात आलं.

पण स्टेपनीचं वाक्य मी बदलणार नाही, आणि का ते सांगतो. आमच्या पार्किंगमध्ये बाबांची चेतक उभी आहे, बाबा आजही तिच्यावरून मंडईत जातात, सकाळी जरा तिरकी करायची, सरळ करायची आणि मग किक मारायची, हे रोजचं. गेल्या पावसाळ्यात क्लचची केबल तुटली म्हणून मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "टू स्ट्रोक का फोर स्ट्रोक?" इंजिन टू स्ट्रोक म्हटल्यावर मागून केबल आणून ठेवली आणि म्हणाला, "कंपनीची यायची, ती आता येत नाही. ही बसते." बघा काका, तीन छोटी वाक्यं, पहिलं भूतकाळात आणि पुढची दोन्ही वर्तमानात, आणि तिन्ही बरोबर. कंपनीचा पुरवठा संपला, गाडी संपलेली नाही. त्याने तुमचा नियम पाळून "ही बसायची" म्हटलं असतं तर मी केबल घेतलीच नसती.

मला एवढंच म्हणायचंय की काळ ब्रँडवरून ठरत नाही, वाक्य कशाबद्दल आहे त्यावरून ठरतो. कारखान्याबद्दल असेल तर बनायची, दुकानाबद्दल असेल तर मिळायची, पण गाडीच्या घडणीबद्दल असेल तर इंजिन उजव्या बाजूला असतं, गिअर डाव्या हातात असतात, कारण रस्त्यावरच्या प्रत्येक चेतकला ते आजही तसंच आहे. आणि "चेतकला मागे स्टेपनी होती" असं नुसतं लिहिलं तर मराठी माणूस कसं वाचेल? कुठल्यातरी एका गाडीला होती आणि आता दिसत नाहीये, कुणी काढून नेली की काय! आपल्या भाषेत होती, असायची आणि असते या तिघींची कामं वेगळी आहेत, तुमच्यासारख्याला मी हे सांगावं असं नाही, पण सगळीकडे "होती"चा शिक्का मारला की हा फरकच जातो.

आता गोल्ड स्पॉट हे शीतपेय. तिथं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि मीही तिथं भूतकाळच ठेवलाय. १९९३ मध्ये पार्लेने आपली शीतपेयं कोका-कोलाला विकली, थम्स अप आणि लिम्का राहिले, गोल्ड स्पॉट पुढे बंद झालं. प्यायची वस्तू बंद झाली की काही उरत नाही, कुणाच्या पार्किंगमध्ये ती उभी नसते, म्हणून गोल्ड स्पॉट गोड लागायचं, लग्नात मिळायचं, सगळं "-यचं"च. पण त्याच व्यवहारातलं थम्स अप घ्या, "थम्स अप पार्लेचं होतं" हेही खरं आणि "थम्स अप कोका-कोलाचं आहे" हेही खरं, बाटली तीच, बदलली ती मालकी.

आणि तुम्ही सुचवलेलं "चेतक बंद झाली होती" हे वाक्य. यावर मी बराच वेळ अडलो, कारण "बंद झाली होती" म्हटलं की कान पुढच्या वाक्याची वाट बघतो, पुन्हा सुरू झाली म्हणून. २००९ च्या शेवटी बजाजने स्कूटरचा धंदाच सोडायचं जाहीर केलं, तेव्हा लिहिणाऱ्याने "बंद झाली" लिहिलं ते बरोबर होतं. २०२० च्या जानेवारीत इलेक्ट्रिक चेतक पुणे आणि बंगळूरमध्ये विक्रीला आली, त्यानंतर नावापुरतं "बंद झाली होती" बरोबर झालं. पण पेट्रोलची चेतक परत आलेली नाही, तिच्यासाठी अजूनही "बंद झाली"च. लूना मोपेडचंही तेच, १९७२ ची पायडलवाली बंद झाली, नाव २०२४ मध्ये ई-लूना म्हणून परत आलं. म्हणून दोन्हीकडे मी आता "पेट्रोलची" हा शब्द घातलाय, तो आधीच असता तर तुमची निम्मी तक्रार आलीच नसती, ती कसर माझीच.

"मध्यमवर्गाची गाडी होती" हे तसंच ठेवतोय. नवीन लग्न झालेल्यांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची ती गाडी आज कुणासाठीच तशी नाही, तिथं "होती"ला पर्याय नाही. स्टेपनीचं "असते" पण राहतंय. बाबांच्या गाडीची बघायची असेल तर या एकदा सकाळी नऊच्या आत, नंतर ते मंडईत असतात.