घरमालक चुकला म्हणून भाडं थांबवू नका

व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: ‘करार नोंदवलेला नाही? दुरुस्ती होत नाही? पाणी तोडलंय? भाडं बंद करा. कायदा घरमालकाने मोडलाय, तो तुम्हाला काढू शकत नाही.’ यावर विसंबून महाराष्ट्रातल्या किती भाडेकरूंच्या जागा जातील, देव जाणे.

आधी नोंदणी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींचा वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. म्हणजे ‘भाडं बारा नव्हे, नऊ हजार ठरलं होतं’ याला वजन आहे. ‘फुकट राहायचं ठरलं होतं’ कोण ऐकेल?

दुरुस्तीचंही तसंच. कलम 14 नुसार घरमालकाला 15 दिवसांची लेखी नोटीस द्या, त्याने हालचाल केली नाही तर काम स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना 4,000 भाडं असेल तर वर्षाला 12,000. बाकीचे 36,000 द्यावेच लागतात.

पाणी-वीज तोडली तर कलम 29 खाली कोर्टाकडून ती जोडून घेता येते. भाडं माफ होत नाही.

राहिलं ‘काढू शकत नाही’. स्वतः कुलूप ठोकून काढू शकत नाही, हे खरं. कोर्टातून काढू शकतो. कलम 15 प्रमाणे थकबाकीच्या लेखी नोटिशीनंतर 90 दिवस दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के सरळव्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, आणि निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहिलं, तर या कारणासाठी जागा जात नाही. ‘तारखेला बघू’ म्हणणारे नेमके इथे अडकतात. घरमालक भाडं घेतच नसेल तर मनीऑर्डर करा आणि नकाराचा शेरा जपून ठेवा.

आणि हे 90 दिवस भाडेकरूंचे, पागडीवाल्यांसकट (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात राहणारे). लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नुसत्या परवानगीवर राहणाऱ्यांना ते मिळत नाहीत. उलट मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम 24 खाली दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते.