पायरीला हात लावून

आज सकाळी कराड स्टँडवर डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे. कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सव्वासातची गाडी. ड्रायव्हर आला, केबिनच्या पायरीला हात लावून तो हात कपाळाला लावला, वर चढून स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, समोरच्या विठोबाच्या फोटोला उदबत्ती ओवाळली. सगळं मिळून अर्धं मिनिट. माझ्या पुढच्या सीटवरच्या पोरानं तेवढ्यात मोबाईल काढून शूटिंग केलं आणि शेजारच्याला म्हणाला, "आज देवच चालवणार गाडी, आपण झोपूया." दोघं फिदीफिदी हसले. आणखी दोघा-तिघांनी हसून साथ दिली. मी तेव्हा गप्प बसले. घरी येऊन भांडी आपटली.

आता तुम्ही सगळे मला ओळखता. आपल्यातलं कुणी बुवा-बाबाला दारात उभं करत नाही, मीही करत नाही. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलेल्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात गोळ्या घातल्या, त्यानंतर कुठे सरकारला जाग आली आणि त्याच वर्षी कायदा झाला. तेव्हा मीही रस्त्यावर उतरले होते. म्हणून मला कुणी 'श्रद्धा आणि अंधश्रद्धा' यावर प्रवचन देऊ नये. पण पायरीला हात लावणाऱ्या माणसाला हसायला आपण कधी शिकलो?

माझे अण्णा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी असली की पहाटे चारला उठायचे. लहानपणी सुट्टीत एकदा त्यांच्याबरोबर मुक्कामाला गेले होते, तेव्हाचं अजून डोळ्यांपुढे आहे. अंधारात बॅटरी तोंडात धरून टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकायचे आणि आवाज ऐकायचे. मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघायचे. रेडिएटरचं पाणी, मग आरसा, तोही स्वतःच्या रुमालानं पुसलेला. हे सगळं झालं की हात धुवायचे. त्यानंतर पायरीला हात. हात न धुता कधीच नाही.

आणि तो घाट. घरात ही गोष्ट शंभरदा झालीय, पण सांगतेच. १९९७चा आषाढ, रात्रीची चिपळूण गाडी. हेळवाक सोडलं आणि कुंभार्लीच्या उतरणीला लागण्याआधी अण्णांना पायाखाली काहीतरी वेगळं लागलं. ब्रेकची हवा धरत नव्हती. गाडी कडेला लावली, चाकांना दगडांची उटी दिली. धो धो पाऊस, हाताला हात दिसेना असं धुकं, आत चाळीसेक माणसं. तासाभरात कुरकुर सुरू झाली. कपाळभर गंध लावलेले एक गृहस्थ उठून म्हणाले, "देवाचं नाव घ्या ड्रायव्हरसाहेब आणि काढा गाडी. हळूहळू उतरू." अण्णा म्हणाले, "नाव घेतो. गाडी हलायची नाही."

सकाळी बघितलं तर दगड लागून खालचा पाइप फुटला होता.

कालच्या त्या पोरांना, म्हणजे आजच्याच, रागात काल-आज कळेना झालंय, हे कसं सांगू? तुम्हाला उदबत्ती दिसली, टॉमी दिसली नाही. (गाडगेबाबा पंढरपूरला जाऊन देवळात न जाता वाळवंट झाडायचे. काढा त्यांचं शूटिंग आणि हसून दाखवा.)

हो, मान्य आहे, देवाला हार घालून दारू पिऊन गाडी हाणणारेही आहेत. काचेवर देवाचं नाव पाव फूट अक्षरात आणि मागचा एक इंडिकेटर लागत नाही, त्या जागी लिंबू-मिरची. त्यांची तर मला जास्त चीड येते. त्या गंधवाल्या गृहस्थांची अजून येते. त्यांना देव हवा होता तो ब्रेकच्या ऐवजी.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. आई आत्ताच चहा देऊन गेली, कुणावर लिहितेयस विचारलं. सांगितलं तर म्हणाली, पंढरपूरचं लिही.

तर पंढरपूरचं. आषाढीला जादा गाड्या सुटतात, डेपोडेपोतले ड्रायव्हर तिकडे जातात. अण्णा २० वर्षं तरी गेले असतील. वारकरी उतरले की यात्रेच्या तात्पुरत्या स्टँडवर गाडीतच आडवं व्हायचं, गाडी भरली की निघायचं. दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, तेवढा वेळ कुणाकडे? नोकरीत असेपर्यंत अण्णांनी विठोबाच्या पायावर एकदाही डोकं ठेवलं नाही. हजारो माणसं नेली-आणली, स्वतः लांबून कळसाला हात जोडले. आई म्हणते, सावता माळी तरी कुठं गेले होते? अरणच्या मळ्यातच राहिले. आजही पांडुरंगाची पालखीच अरणला जाते.

अण्णांना मात्र याचं काही वाटत नाही. त्यांना वाटतं ते घाटातलंच. त्या रात्री गाडीत एक माणूस सासऱ्याच्या मातीला निघाला होता. तो अण्णांच्या आईबहिणीवर गेला, मग रडला. माती त्याला मिळाली नाही. अण्णा अजून कधीतरी जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, "त्याची माती चुकवली मी." आम्ही म्हणतो, चाळीस जणांच्या माती वाचवल्यात. ते पुढचा घास घेतात, उत्तर देत नाहीत.

दुपारी त्यांना आजचा प्रकार सांगितला. वाटलं, चिडतील. पेपर खाली ठेवून म्हणाले, "पाया पडला ते राहू दे. त्याआधी खाली उतरून चाकं बघितली का त्यानं?"

म्हटलं, ते नाही बघितलं मी.

"मग बघितलंस काय?" म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर.