पोहोचलो नाही अजून

आमचा धाकटा चार वर्षांचा आहे. त्याचा लाडका खेळ म्हणजे 'बाबा-बाबा'. कपड्यांच्या टोपलीत बसायचं, हातात पातेल्यावरचं झाकण धरायचं आणि समोर बघत राहायचं. बस्स, एवढंच. एकदा थोरली बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि वैतागून म्हणाली, "अरे, पण पुढे काय?"

"पुढे काही नाही. बाबा असेच बसतात." मग त्याने मांडीखालून टीव्हीचा रिमोट काढला, कानाला लावला आणि थेट माझ्या सुरात म्हणाला, "हो गं, पोहोचलो नाही अजून."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी झाकणाकडे पाहिलं. लहान शहरात राहायला जायचं हे तिथल्या तिथे ठरलं. कुठल्या, हे ठरायला मात्र १४ महिने लागले.

वास्तविक आमच्यासारखा सोपा मामला दुसरा नसेल. बायकोचं काम संगणक आणि नेट असेल तिथे चालतं. महिन्यातून दोनदा तोंड दाखवून जायच्या अटीवर मलाही ऑफिसने मोकळं केलं होतं. म्हणजे नकाशा उघडायचा आणि बोट ठेवायचं. पण बोट ठेवायला नकाशा मोकळा लागतो, आणि बोटं एकाच माणसाची लागतात.

मी पडलो तक्तेवाला माणूस. त्या रात्रीच १० शहरं आणि १२ रकान्यांचा तक्ता तयार केला. शाळा, बालरोगतज्ज्ञ, पाणी, वीज, नेट, हवा, भाडं, रेल्वे, आणखी काय काय. प्रत्येक रकान्याला महत्त्वानुसार गुण. बायको म्हणाली, "घर बदलतोयस की टेंडर काढतोयस?" तेव्हा मी तिला बेंजामिन फ्रँकलिनचा दाखला दिला. जोसेफ प्रीस्टली या त्याच्या शास्त्रज्ञ मित्राला १७७२ साली असाच पेच पडला होता. लीड्स सोडून, बायकामुलं घेऊन, एका सरदाराच्या पदरी नोकरीला जावं की नाही? फ्रँकलिनने पत्रातून कळवलं की काय ठरवायचं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवायचं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ ओढ. एका बाजूला जाण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न जाण्याची. तीन-चार दिवस सुचतील तशी लिहीत जा. मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं खोडत जा. उरेल ते उत्तर.

"मग गेला का तो?" बायकोने विचारलं.

"गेला ना. कॅल्न नावाच्या लहानशा गावात. आणि १७७४ मध्ये त्याला तिथेच ऑक्सिजन सापडला."

"बघ, लहान गावात हवा चांगली असते," ती म्हणाली आणि तक्त्याला मंजुरी मिळाली.

पण फ्रँकलिनच्या काळी कागद एकाच्याच टेबलावर असायचा. आमचा तक्ता दोघांच्याही फोनवर होता. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की माझं लाडकं 'टेकडीवालं' शहर (आम्ही शहरांना टोपणनावं ठेवली होती) रोज सकाळी एक-दोन गुणांनी खाली गेलेलं असतं. बदलांचा इतिहास उघडून पाहिला. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बायकोने 'उतार-चढाव' हा नवा रकाना घालून टेकडीवाल्याला १० पैकी १ दिला होता. त्याच इतिहासात, त्याच्या वरच्याच ओळीत, रात्री ११ वाजून १० मिनिटांनी 'डास' या रकान्याचं महत्त्व चौपट केल्याची माझी नोंद होती. तिच्या आवडत्या शहराला नदी होती. दोघांनीही याबद्दल अवाक्षर काढलं नाही. संसार टिकतात ते असे.

हवेच्या रकान्याने तर वेगळीच गंमत केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतल्या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. हे वाचल्यापासून मी रोज रात्री दहाही शहरांची हवा फोनवर तपासायचो. एक शहर सलग महिनाभर पहिलं. मी भारावलो. मग कळलं की तिथे हवा मोजायचं यंत्रच नाही. रकाना रिकामा होता आणि माझं सूत्र रिकाम्याला शून्य धरत होतं. हीच कथा त्या शहराच्या गुन्ह्यांची, गर्दीची आणि पाणीकपातीची. ज्याच्याबद्दल कुणी काहीच लिहिलेलं नाही ते शहर माझ्या तक्त्यात नंदनवन ठरत होतं.

सर्वांत नाजूक रकाना म्हणजे आजी-आजोबांपासूनचं अंतर. हे जितकं कमी तितकं चांगलं, अशी माझी भाबडी समजूत. बायकोने ती दुरुस्त केली. फार जवळ असलं की माणसं न सांगता येतात. फार लांब असलं की सांगून येतात, पण महिनाभर राहतात. सकाळी निघून येता येईल आणि रात्री आपल्या पलंगावर झोपायला परत जाता येईल, असं मधलं एक अंतर असतं. चार्ल्स डार्विनही १८४२ मध्ये दोन लहान लेकरं आणि गरोदर बायकोला घेऊन लंडन सोडून डाउन नावाच्या खेड्यात गेला. पुढे त्याने अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर आरसा लावून घेतला. कोण भेटायला येतंय ते आधीच दिसावं म्हणून. म्हणजे अंतराचा रकाना त्याचाही चुकलाच होता.

तर, शहरं बघायला बाहेर पडलो.

किती शहरं बघून थांबायचं, यावर गणितात चोख उत्तर आहे. एकूण उमेदवारांपैकी पहिले ३७ टक्के नुसते बघायचे, एकालाही होकार द्यायचा नाही. त्यानंतर आधीच्या सगळ्यांहून सरस असा जो पहिला भेटेल तो पत्करायचा. १० शहरं, म्हणजे पहिली चार फक्त बघायची. लग्नासाठी जोडीदार निवडण्याचं गणित म्हणूनही हे सांगतात, ही माहिती मी प्रवासात विनाकारण पुरवली.

"म्हणजे माझ्याआधी तू कितीजणींना नाकारलंस?"

"मी नाही. तिघींनी मला."

"मग या गणितात तू निवडणारा नाहीस. तू शहर आहेस," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

तेव्हा हा टोमणा वाटला होता. त्यातली गंभीर बाजू पुढे कळली.

नदीवालं दुसरं होतं. रविवारी सकाळी पोहोचलो. रस्ते रिकामे, झाडं घनदाट, घाटावर एक म्हातारा पेपर वाचतोय. धाकट्याने चिखलात दोन्ही पाय घातले आणि कुणी ओरडलं नाही. बायकोचे डोळे पाणावले. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, हे फक्त बघायचं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (रविवारी सकाळी कुठलंही शहर असंच दिसतं, हे मी म्हणालो नसतो तर कदाचित एकच दिवस बोलली नसती. आमचं सध्याचं शहरही रविवारी सकाळी सातला साधूसारखं दिसतं.)

टेकडीवाल्याला मुद्दाम मंगळवारी गेलो. बाजाराच्या रस्त्यावरून आपल्या नेहमीच्या चालीने निघालो, तर लोक मागे पडू लागले. मला वाटलं, आपला व्यायाम बरा चाललाय. एवढ्यात एक आजोबा घाईने आडवे आले आणि काळजीने म्हणाले, "दवाखाना ना? डावीकडे वळा. मूल कुणाचं आजारी आहे?" आम्ही कुणीच आजारी नाही, नुसते चालतोय, हे त्यांना पटेना. मोठ्या शहरातली माणसं भराभर चालतात, हे बॉर्नस्टाइन नावाच्या दोन संशोधकांनी १९७६ मध्येच सांगून ठेवलंय. सहा देशांतल्या १५ ठिकाणी त्यांनी पादचाऱ्यांचा वेग मोजला आणि लोकवस्ती जितकी जास्त तितकी चाल जलद, असं त्यांना आढळलं. आता आमच्या चालीवरूनच आम्ही आणीबाणी वाटत असू, तर निदान दवाखाना बघून घ्यावा म्हणून डावीकडे वळलो.

दारावर पाटी होती. 'बालरोगतज्ज्ञ : दर बुधवारी, ११ ते १.'

आम्ही दोघं त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिलो. आमच्या घरात आजवर आलेला प्रत्येक ताप शनिवारी मध्यरात्रीनंतर आलेला आहे. सोमवारी शाळा भरायच्या आत तो उतरतो. बुधवारी ११ ते १ या वेळात आमची मुलं नेहमीच ठणठणीत असतात. टेकडीला मी त्याच रात्री स्वतःच्या हाताने शून्य दिला.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. जंक्शनवाल्या शहरातलं फाटक बंद झालं आणि आम्ही तिथे इतका वेळ थांबलो की धाकट्याला गाडीतच 'बाबा-बाबा' खेळता आला. विद्यापीठवाल्यात घरं होती, पण ती विद्यार्थ्यांना देतात. एका घरमालकांशी झालेलं बोलणं असं :

"मुलं किती?"

"दोन."

"वयं?"

"सात आणि चार."

"नुकताच रंग दिलाय हो भिंतींना."

धाकट्याच्या हातात त्या वेळी खडू होता. मी तो काढून घेईपर्यंत मालकांनी पाहिला होता. दुसऱ्या एका ठिकाणी शाळेने आमची, म्हणजे आईवडिलांची, मुलाखत घेतली आणि 'कळवू' म्हणाले. पाचव्या शहरापासून तक्त्यात 'आम्हाला नाकारलं' असा रकाना घालावा लागला. बायको तो फार प्रेमाने भरायची. "तुला सवय आहे," म्हणायची.

एका रात्री तिनेच मला एक अभ्यास वाचून दाखवला. कानेमान आणि श्केड या दोघांनी १९९८ मध्ये अमेरिकेत जवळजवळ २००० विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही किती समाधानी आहात? कॅलिफोर्नियातले आणि मध्य-पश्चिमेतले सारखेच समाधानी निघाले. पण कॅलिफोर्नियात लोक जास्त सुखी असतील, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. कारण काय, तर तिथलं हवामान. माणूस लांबून शहराकडे बघतो तेव्हा त्याला जो फरक ठळक दिसतो तोच तो मोजतो. रोजच्या जगण्यात त्याचा पत्ताही नसतो.

"म्हणजे?" मी घाबरून विचारलं.

"म्हणजे तुझे १२ रकाने."

"चौदा. उतार-चढाव आणि आम्हाला नाकारलं धरून."

शेवटी राहिलं १०वं. पहिल्या चारांतलं नदीवालं सगळ्यांवर वरचढ होतं आणि नंतरचं एकही त्याच्या पुढे गेलं नाही. अशा वेळी गणित निर्दयपणे सांगतं की आता शेवटचं जे येईल ते मुकाट्याने घ्या. शेवटचं होतं मामेभावाचं शहर. मामेभाऊ गेली दोन वर्षं फोनवर सांगत होता, "दादा, ये रे. स्वर्ग आहे." आम्ही गेलो तेव्हा त्याच्या दिवाणखान्यात बांधलेली खोकी होती. तो त्याच आठवड्यात आमच्या शहरात राहायला येत होता. "मुलांना स्कोप नाही रे इथे," तो म्हणाला आणि आमच्या घराचं भाडं किती ते विचारू लागला.

परतीच्या वाटेवर बायको एवढंच म्हणाली, "तुझ्या गणितात नाकारलेल्याकडे परत जायची मुभा नसते ना? मला आहे." आणि गाडी नदीकडे वळवायला लावली. तब्बल ११ महिन्यांनी.

या वेळी बुधवार होता, शाळा सुटायची वेळ होती आणि पाऊस होता. घाटावर म्हातारा नव्हता. डास होते. एका दुमजली घरावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाई आजी दार उघडून उभ्या राहिल्या. मी आपणहूनच कबुलीजबाब दिला. दोन मुलं, सात आणि चार, धावतात, खडू वापरतात.

"काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"धावू देत की," त्या म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं."

मालकिणीला कमी ऐकू येणं हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. असता तर पहिल्याच दिवशी निकाल लागला असता. जाता जाता बायकोने ओरडून विचारलं, "आजी, मुलांचे डॉक्टर कुठे आहेत?" आजींनी समोरच्या गल्लीकडे बोट दाखवलं आणि खेदाने म्हणाल्या, "आहेत, पण लांब पडतं हो. चांगली पाच मिनिटं लागतात."

सामान लागून तीन आठवडे झालेत. नेट दुपारी जातं, रकान्यात १० पैकी ९ होते. डासांबद्दल मी काही बोलत नाही, बोलायचा हक्क चौपट महत्त्व देऊन आधीच वापरला आहे. काल संध्याकाळी दिवाणखान्यात कपड्यांची टोपली आली. धाकटा आत बसला, झाकण धरलं, समोर बघितलं आणि लगेच उठून उभा राहिला.

"पोहोचलो."

थोरली कमरेवर हात ठेवून उभी. "इतक्यात? मग खेळायचं काय?"

त्याने थोडा विचार केला. माझ्याकडे बघितलं. मलाही काही सुचेना.

"बस परत खाली," थोरली म्हणाली. "फाटक पडलंय असं समज."