गहू कापलाय का कधी?

ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात माझा अपमान झाला, तोही मराठीत. उन्हात न्हालेलं गव्हाचं शेत, मागे डोंगर आणि कापणी करणारा एकटा माणूस, अशा त्या प्रसिद्ध चित्रापुढं मी सोबतच्यांना समजावत होतो. सगळं पिवळं, फक्त डोंगररांग जांभळट. पिवळ्याशेजारी जांभळा आला की पिवळा आणखी पेटतो. आणि हा माणूस म्हणजे...

"मजूर," मागून आवाज आला.

माकडटोपी, हाफ स्वेटर, काखेत छत्री. "एवढ्या रानाला एकच गडी? पेंढ्या कोण बांधणार? पाण्याची घागर कुठाय?"

"काका, तो मृत्यू आहे," मी म्हटलं. "सप्टेंबर १८८९ मध्ये चित्रकार व्हॅन गॉगनंच भावाला, थिओला, पत्रातून कळवलंय. माणसं म्हणजे गहू आणि हा कापणारा."

"मृत्यूला घाम येतो होय?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण पत्रातही तो उन्हात सैतानासारखा झटतोय, हे मला आठवत होतं, म्हणून जास्तच राग आला.

"आणि भर उन्हात कोण कापतं? पहाटे दंवावर कापायचा, नाहीतर दाणे झडतात. तुम्ही गहू कापलाय का कधी?"

"नाही."

"मग!"

या 'मग'वर कोणतंही पुस्तक चालत नाही. शिवाय काकांनी बरोबर खटकणारी जागा पकडली होती. ऊन चुकून पडलेलं नाही. हा मृत्यू उदास नाही, तो भरदिवसा सोनेरी उजेडात येतो, असंच पत्रात आहे. आणि हे शेत व्हॅन गॉगनं पाहिलं दक्षिण फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयातून, खिडकीच्या लोखंडी गजांमधून. जूनमध्ये पहिलं चित्र सुरू केलं, मध्ये आजारानं गाठलं, सप्टेंबरमध्ये खोलीत बसून पुन्हा रंगवलं. शेताला कुंपणभिंत आहे. खिडकीचे गज मात्र चित्रात नाहीत.

असलं उत्तर-दृकप्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट), म्हणजे दिसतं तसंच न रंगवता मनातलं रंगांत उतरवणारं, चित्र बघायचं तर आधी तीन-चार पावलं मागं जावं. चित्र जेमतेम ७३ बाय ९२ सेंटीमीटर, माणूस चटकन दिसतच नाही. मग बाजूनं बघावं, रंगाचे थर नांगरटीच्या सऱ्यांसारखे उठलेले दिसतात. जवळून माणूस म्हणजे हिरवट-निळसर चार फटकारे. पण लोक चित्राला तीन सेकंद देतात, शेजारच्या पाटीला तीन मिनिटं. चित्रात एकटा माणूस दिसला की 'एकाकीपणा' म्हणून मोकळे. आणि पुढचा प्रश्न ठरलेला.

"कान कापला तो हाच ना?" काकांनी विचारला.

"हो. डिसेंबर १८८८, फ्रान्समधल्या आर्लमध्ये," मी दात चावून म्हटलं.

काका मान हलवून गेले. दोन दालनांपुढं ते दिसले, भोवती त्यांच्या टूरमधल्या सहा-सात बायका.

"मजूर वाटतो ना? तो मृत्यू आहे. थिओला पत्रातून कळवलंय त्यानं!"

बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर वहीत लिहून घेतलं.