मधुमेह आईच्या पोटातूनच सुरू होतो का?
मधुमेहाचं सगळं खापर इथल्या एका लेखात बैठ्या कामावर आणि गोडधोडावर फोडलंय, ते अर्धंच पटलं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांहून बरीच हलकी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून! आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्वच) जास्त असेल, तर सहाव्या वर्षीच मुलाचं शरीर इन्शुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, कमी दाद देतं, असंही दिसलं; मधुमेहाची वाट इथूनच जाते. अर्थात हा नुसता संबंध. कारण ठरवायला बी-१२ देऊनच बघायला हवं, आणि तसा प्रयोगही तिथेच नंतर सुरू झाला. बाकी, दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला ‘रोज चालायला जा’ म्हणणाऱ्यांना काय बोलावं!